काकींची शिरवेल

काकींच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. त्यात विशेष काही नाही. पण काकींकडे अंगातला सदराही बाहेर झटकावा लागे. दाराशेजारी खिळ्याला एक जुना पंचा टांगलेला असे. त्याने डोकं, खांदे, भुवया पुसायच्या आणि मगच उंबरा ओलांडायचा. कोणी विसरलं की काकी आतूनच विचारत, "झटकलंस?" कोण आलंय ते वळून बघतही नसत.

नारपोलीत त्या काळी अंगावर रुई नाही असा माणूस सापडणं कठीण होतं. आमच्या चाळीच्या दोन्ही अंगांना लूमचे कारखाने होते. दिवसपाळी संपली की रातपाळी, खटखट कधी थांबतच नसे. कापसाचं बारीक तूस हवेत तरंगत राही आणि मिळेल तिथे बसे. केसांत, पापण्यांवर, चहाच्या सायीवर. काकींचा तो पंचा बघून नव्या भाडेकरूला वाटे, बाई भलतीच सोवळ्याची दिसते. तसं काही नव्हतं. काकी आगरी, माहेर अंजूरकडचं. एक दिवसाआड त्यांच्या चुलीवर निवट्यांचं नाहीतर बोंबलाचं कालवण शिजे, आणि चाळीतले उत्तरेकडून आलेले कारागीर त्यांच्या खोलीत मांडी घालून चहा पीत. पंच्याचा नियम कोणाच्या जातीसाठी नव्हता. तो खिडकीशी ठेवलेल्या चार परळांसाठी होता.

परळ म्हणजे मातीची उथळ थाळी. चारही परळांत एकच वेल होती. ती वर चढत नसे, मातीला धरून सरपटे आणि परळाच्या काठावरून हळूच खाली डोकावे. पानं बोटाच्या पेराएवढी, गर्द हिरवी, आणि प्रत्येक पानावर पांढऱ्या शिरांचं जाळं. मी तेव्हा एका कारखान्यात फोल्डिंगला होतो. म्हणजे लूमवरून आलेलं कापड टेबलावर पसरायचं, कुठे धागा तुटलाय, कुठे वीण सुटलीय ते बघायचं आणि खडूने खूण करायची. ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सवयीने त्यात दोष शोधत होतो. सापडला नाही.

काकी तिला शिरवेल म्हणत. तिचं खरं नाव त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून काही अडलंही नव्हतं. मला ते पुष्कळ वर्षांनी एका रोपवाटिकेतल्या पाटीवर वाचायला मिळालं. फिटोनिया.

खोली भाड्याने देताना काकी गाव, पगार, लग्न झालंय का, यातलं काही विचारत नसत. मला त्यांनी समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "विडी वढतस?"

"नाही."

"उदबत्ती लावतस?"

"लावत नाही, पण आई आली तर..."

"आई आली तर तिला सांगावाचा, देवाला फूल घाल. धूर न्हाय करावाचा. दार आपटतस?"

दार आपटण्याची मला सवय नव्हती. खोली मिळाली. काकींच्या पाच खोल्या ओळीने होत्या. चार भाड्याने दिलेल्या, आणि टोकाची, शेतांच्या बाजूची, त्यांची स्वतःची. तिला लागून कारखाना नव्हता. तिच्या मोठ्या खिडकीतून खाडीवरून येणारा वारा थेट आत यायचा. पण काकी ती खिडकी सताड उघडत नसत. तिच्यावर त्यांनी ओल्या मलमलीचा पडदा लावला होता. उजेड गाळून यायचा, रुई पडद्यालाच चिकटायची. दर दोन तासांनी त्या पडद्यावर पाण्याचा हात फिरवत. तो पडदा जुना झाला की मी फोल्डिंगमधून डाग पडलेला तुकडा मागून आणून देई. काकी तो दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरत आणि माझ्याहून कडक नजरेने तपासत.

त्यांचं हिंदी हा चाळीतला एक आनंद होता. तिसऱ्या खोलीत एक वयस्कर विणकर राहत, त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांना विडीची तलफ आली की ते रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहत. एकदा पावसामुळे ते ओट्यावरच विडी पेटवायला लागले. काकी बाहेर आल्या. "चाचा, इधर नको. मेरा झाड को खोकला होता है."

चाचांनी विडी परत कानावर खोचली. "बहन, झाड को खाँसी होती है?"

"होती है. तुमको सुनाई नहीं देती, लूम के कारन."

चाचा ते महिनाभर सगळ्या कारखान्यात सांगत होते.

काकींची सकाळ ठरलेली. उठल्यावर आधी एका कोंबडीच्या पिसाने एकेक पान झटकायच्या. चार परळ, शेकड्याने पानं, पण त्या घाई करत नसत. मग मातीत करंगळी पहिल्या पेरापर्यंत घालून बघायच्या. बोटाला माती चिकटली तर पाणी नाही, नाही चिकटली तर पाणी. नळाचं पाणी त्या थेट घालत नसत. आदल्या दिवशी माठात भरून ठेवलेलं घालायच्या. पावसाळ्यात पागोळ्यांखाली हंडे लावून ठेवत, ते पाणी तर खास शिरवेलीचं. मातीही त्यांची वेगळी होती. सडलेला पाला, नदीची वाळू आणि चुलीतल्या कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे. बारीक तुऱ्यासारखं फूल आलं की त्या ते खुडून टाकत. "फूल कामाचा न्हाय," म्हणत. "सगला जोर तिकडंच जातो."

ही वेल तहानेली झाली की नाटक करायची. एखादे दिवशी काकी लग्नाला अंजूरला गेल्या आणि उशिरा परतल्या, तर चारही परळांतली पानं ओल्या चिंध्यांसारखी पडलेली असत. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा वाटलं, संपलं. काकी शांतपणे पाणी घालत, हातपाय धुवत, चहा टाकत. चहा होईपर्यंत पानं निम्मी उठलेली. "तहानेनं पडलेली उठते," त्या म्हणत. "पान्यानं पडलेली उठत न्हाय. म्हनून हात आवरून घालायचा."

शिरवेलीचं रोप मागायला पुष्कळजण येत. गावातल्या एका बड्या व्यापाऱ्याची बायको एकदा गाडी घेऊन आली होती. दिवाणखान्यात ठेवायचं होतं तिला. काकींनी चहा दिला, बिस्किटं दिली आणि रोप दिलं नाही.

"एक काडी तर द्या," ती म्हणाली.

"दिली असती," काकी म्हणाल्या. "पन तुझ्याकडं तिला बघनारा गडी असंल. गडी पगारासाठी बघतो. हिला ते कलतं."

मी त्या वेळी दारात पंच्याने डोकं पुसत उभा होतो. मला काकी विक्षिप्तच वाटल्या. आजही कोणाला मी हे सांगितलं तर त्यांनाही तसंच वाटतं. पण माझं पुढचं आयुष्य त्या बाईमुळे झालंय, तेव्हा पुढचं नीट सांगतो.

मी दोन वर्षं फोल्डिंगला होतो, आणि खोकला तिथे सगळ्यांनाच असे. त्यामुळे माझा खोकला कधी वेगळा झाला ते मला कळलंच नाही. संध्याकाळी अंग कोमट होई. पँट ढिली झाली म्हणून पट्ट्याला नवं भोक पाडलं. एका सकाळी मोरीत खोकताना फरशीवर लाल थेंब पडले. मी त्यावर पाणी ओतलं आणि मागे वळलो, तर काकी बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी थेंब पाहिले होते. बादली खाली ठेवली, खोलीत जाऊन लुगडं बदललं आणि म्हणाल्या, "चल."

सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. क्षय आहे म्हणाले. रोज सुई, गोळ्या, दीड वर्ष. बरा होणारा आजार आहे, पण औषध एकही दिवस चुकवायचं नाही. रुईत काम करायचं नाही. मोकळ्या हवेची, उजेडाची खोली हवी.

परत येताना रस्ताभर मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. विडीसाठी माणसाला रस्त्यापलीकडे पाठवणारी ही बाई मला आज संध्याकाळपर्यंत खोली सोडायला लावणार. बातमी आमच्या आधी चाळीत पोहोचली होती. माझ्या खोलीत माझ्याबरोबर राहणाऱ्या मित्राने वळकटी बांधली होती. चार माणसं ओट्यावर जमली होती. त्यातला एक म्हणाला, "काकी, लहान पोरं आहेत इथं. ह्याला गावाला पाठवा."

काकींनी त्याला विचारलं, "गावाला रोज सुई कोन देईल?"

तो खाली बघून चपलेत पाय सरकवू लागला.

"मंग चुलीतली राख आना बादलीभर," काकी म्हणाल्या. "आन् झाकनाचा डबा आना एक."

त्या डब्यात राख घालून तो मला दिला. थुंकायचं फक्त त्यात. डबा रोज त्या सांगतील तिथे खड्ड्यात रिकामा करायचा, जाळायचा, पुरायचा. ताट, तांब्या, पेला वेगळा. हे सगळं त्या इतक्या सवयीने सांगत होत्या, जणू पूर्वी केलेलं आहे. मग त्यांनी चाचांना हाक मारली आणि दोघांनी मिळून काकींच्या खोलीतली खाट उचलून बाहेर आणली.

मला वाटलं साफसफाई चाललीय. त्यांनी माझी गादी त्यांच्या खोलीत, खिडकीखाली टाकली. मलमलीचा पडदा उतरवला, चार खिळे उपसले आणि खिडकीची दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत उघडली. वारा आत आला. पंचांगाची पानं फडफडली. काकींची खाट आणि मागोमाग चार परळ एकेक करून माझ्या जुन्या खोलीत गेले. ती खोली कारखान्याच्या भिंतीला लागून होती, तिला खिडकी म्हणजे एक झरोका होता, आणि लूम चालू असताना तिथली भांडी फळीवर थरथरत.

"काकी, तिथं वेल जगणार नाही," मी म्हणालो.

"तू आडवा पड," त्या म्हणाल्या.

चार महिने मी त्या खिडकीखाली पडून होतो. समोर भाताची खाचरं, पलीकडे खाडीचा पट्टा. भाऊ महिन्यातून एकदा गावाहून तांदूळ घेऊन येई. तो दाराबाहेर उभा राहून बोले आणि तिथूनच परत जाई. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या घरात लहान मुलं होती. रोज सकाळी काकी मला दवाखान्यात नेत. अर्ध्या तासाचा रस्ता मला एक तास लागे. त्या माझ्या पुढे चार पावलं चालत आणि वळून बघत नसत. मी थांबलो की त्या थांबत. त्यांना कसं कळे कोण जाणे. बहुधा खोकल्यावरून.

पहिल्या महिन्यात एक दिवस त्यांनी एक नवा परळ आणून माझ्या गादीशेजारी, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवला. त्यात शिरवेलीचे तीन शेंडे नुकते रोवलेले होते. वर गोळ्यांची काचेची बरणी उपडी घातलेली.

"दिवसभर छताकडं बघून काय करशील," म्हणाल्या. "हिला बघ."

जी काडी व्यापाऱ्याच्या बायकोला मिळाली नव्हती ती मला मिळाली, याचा मला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानापायी मी तिला मारलं. माझं दुसरं कामच नव्हतं. दर तासाला बरणी उचलून मी पाणी शिंपडायचो. आठव्या दिवशी देठ खालून काळे पडले, बोट लावल्यावर चिखलासारखे निसटले. मी तो परळ गादीआड लपवला. काकींना पिसाने झटकायला परळ सापडेना, तेव्हा मला सांगावं लागलं. चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी परळ मांडीवर घेतला, कुजलेलं काढून टाकलं आणि एका शेंड्याचा वरचा दोन पानांचा तुकडा अजून हिरवा होता तो नखाने खुडला. ताजी, जेमतेम ओली वाळू आणली, त्यात तो तुकडा टोचला, बरणी घातली.

"आता पंधरा दिस हात लावाचा न्हाय," त्या म्हणाल्या. "बघत ऱ्हावाचा फक्त. ते जमतं का बघ."

ते जमायला मला पाणी घालण्यापेक्षा जड गेलं. पण सतराव्या-अठराव्या दिवशी मधोमध एक नवं पान उलगडलं. गव्हाच्या दाण्याएवढं, त्यावर शिरा आधीपासून आखलेल्या. मी काकींना हाक मारली. त्या आल्या, बघून "हं" म्हणाल्या आणि परत चुलीकडे गेल्या. त्या दिवशी मला माझ्या जेवणात एक भाकरी जास्त लागली.

चौथ्या महिन्याच्या शेवटी माझा खोकला थांबला. वजन वाढलं. अंगात ताकद आली तसं माझं डोकं फिरलं. सुया आता आठवड्यातून दोनच होत्या, गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी मळमळे, तोंडाची चव जाई. मला वाटलं, बरा तर झालोय, आता कशाला. दवाखान्यात आता मी एकटाच जात होतो. एकदा गेलो नाही, गावात फिरून परत आलो. काही झालं नाही. मग पुढच्या वेळीही गेलो नाही. गोळ्या खिडकीबाहेर टाकल्या.

त्या काकींना सापडल्या. खाचराच्या बांधावर त्या भाजी खुडायला गेल्या होत्या, तिथे चिखलात पांढऱ्या गोळ्या. त्यांनी त्या पदरात आणून माझ्या समोर ठेवल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना दिवसाउजेडी काही न करता बसलेलं पाहिलं.

"ही येल कुठली, तुला म्हाईत हाय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

"मी तेरा-चौदा वर्सांची होते. बापानं मना मुंबईला एका पारशाच्या बंगल्यात कामाला ठेवली. त्यांची सून आजारी होती. तुझाच आजार. तिच्या खोलीत कोन जाईना, म्हनून मना आनली. गावची पोर, तिला काय कलतंय. तिची खोली मागं, बागेकडं. तिथं काचेच्या पेटीत ही येल होती. बाईला उठवत नव्हतं. ती पडल्यापडल्या सांगायची आन् मी करायची. पानी कसं, माती कशी, शेंडा कुठून खुडायचा. डबा, राख, पेला, तेबी तिनंच शिकवलं. मना काय होऊ नये म्हनून."

पुढचं सांगताना त्या खिडकीकडे बघत होत्या.

"तवा औषध नव्हतं. दूध, अंडी आन् उघडी खिडकी. दोन वर्सं मी तिला बघितली. ती रोज डाक्टरला इचारायची, विलायतेत नवीन काय निघालं काय. डाक्टर मान हालवायचा. ती गेली तवा घरच्यांनी खोलीतलं सगलं जालून टाकलं. मी काचेच्या पेटीतून मूठभर येल काढली आन् पदरात बांधून अंजूरला आले."

मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिला जे मिलालं न्हाय ते तुला फुकट मिलतंय, आन् तू चिखलात टाकतस."

आवाज चढला नव्हता. मी खाली बघत होतो. त्यांनी चिखलातल्या गोळ्या पुन्हा पदरात घेतल्या, उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "तुझा निस्ता शेंडा वर आलाय. मूल न्हाय धरलंय अजून." त्यांच्या बोलण्यात ळ नव्हता. मुळाला त्या मूल म्हणत.

दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा माझ्यापुढे चार पावलं चालू लागल्या. डॉक्टरांनी मला पंधरा मिनिटं ऐकवलं आणि औषध पुन्हा सुरू केलं. गोळी मी काकींसमोर गिळायची, तोंड उघडून दाखवायचं, मग त्या पीस घेऊन परळांकडे जायच्या. एक वर्ष आणि काही महिने हे चाललं. त्यांना मध्ये दोनदा ताप आला. तापातही त्या मला दारात उभं करून खाटेवरून म्हणत, "आ कर."

दीड वर्षाच्या वर झालं तेव्हा डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, थुंकीचे कागद पाहिले आणि औषध बंद केलं. मी चाळीत परतलो आणि माझ्या जुन्या खोलीत गेलो, तेव्हा तिथे काय झालंय ते पहिल्यांदा नीट पाहिलं. इतके दिवस काकींनी मला त्या खोलीत येऊ दिलं नव्हतं. रुई होतीच, पण ती त्या पुसत होत्या. वेलीला खरं मारलं ते थरथरीने आणि अंधाराने. चारांतले दोन परळ रिकामे होते. तिसऱ्यात चार-पाच पानं, फिकट, शिरा आणि पान एकाच रंगाचे झालेले. चौथा तेवढा बरा होता. काकी मुंबईहून निघाल्यापासून ही वेल कधी कमी झालेली नव्हती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा झाली होती.

"काकी, हे माझ्यामुळे," मी म्हणालो.

काकी परळातली माती उकरत होत्या. "येलीचा शेंडा खुडून दुसरी लावता येते," त्या म्हणाल्या. "मानसाचं तसं न्हाय. जा, ती खाट उचलायला चाचांना बोलव."

त्या त्यांच्या खोलीत परत गेल्या. मलमलीचा पडदा पुन्हा लागला. मला वडप्याच्या बाजूला एका शाळेत कारकुनाची जागा मिळाली. रुई नाही, खटखट नाही. राहत मात्र मी काकींच्याच चाळीत होतो.

त्यानंतर वर्षभराने माझ्यासाठी मुलगी बघायला सुरुवात झाली. एक स्थळ आलं. मुलगी मी पाहिली होती आणि मला आवडली होती. तिचे वडील चौकशीला चाळीत येणार असा निरोप आला. त्या दिवसांत असा आजार घरात कोणाला होता हे कळलं तरी सोयरीक मोडत असे. इथे तर मुलगाच आजारी होता. मी आदल्या दिवशी काकींकडे गेलो. पंच्याने डोकं पुसलं, आत बसलो आणि म्हणालो, "काकी, ते विचारतील. आता तर मी बरा आहे. तुम्ही तेवढं सांगू नका."

काकी पिसाने पानं झटकत होत्या. "उद्या बघू," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. उंच, सावळे शेतकरी, डोक्याला टोपी. काकींनी त्यांनाही दारात थांबवलं आणि पंचा दाखवला. त्यांनी न विचारता डोकं, खांदे पुसले. काकींनी त्यांना खाटेवर बसवलं, मला दाराशी उभं राहायला सांगितलं. पाणी झालं, चहा पुढे ठेवला. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, "मुलाची तब्येत कशी आहे?"

काकी म्हणाल्या, "त्याला क्षय होता."

मी चौकट धरली.

"दीड वर्सं औषध केलं," काकी पुढे म्हणाल्या. "एकदा मधी सोडलं, गोल्या खिडकीतून टाकल्या. मी परत चालू केल्या. त्यानंतर एकबी गोली चुकली न्हाय. एकेक गोली माझ्यासमोर गिलली. मी त्याचं त्वांड उघडून बघितलंय. डाक्टरचा कागद हाय, तो बघा. आता त्याला काय न्हाय."

काकी उठल्या, माझ्या खोलीत गेल्या आणि माझा पेला घेऊन आल्या. दीड वर्ष वेगळा ठेवलेला, काठाला चेपलेला, तोच. त्यात पाणी ओतून मला म्हणाल्या, "पी यातून." मी अर्धा पेला पाणी प्यालो. त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला, उरलेलं पाणी त्या स्वतः प्याल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आता तुमचं तुमी ठरवा."

त्यांनी कप उचलून चहा संपवला आणि ते निघून गेले. मी त्या संध्याकाळी काकींशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या मनात आलं, ज्या बाईने मला वाचवलं तिनेच आता माझं वाटोळं केलं. मला ते तेव्हा खरंच वाटलं होतं, म्हणून लिहितो.

चौथ्या दिवशी होकार आला.

लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी मी सासऱ्यांना विचारलं, की सगळं कळूनही तुम्ही हो कसं म्हणालात. ते म्हणाले, "मला आधीच कळलं होतं. तुझ्या जुन्या कारखान्यातून कोणीतरी सांगितलं होतं. मी फक्त बघायला आलो होतो, तुझ्या बाजूचं माणूस खरं बोलतं का. त्या बाई नाही म्हणाल्या असत्या तर मी चहा तसाच ठेवून उठणार होतो."

काकींना हे मी सांगितलं. त्या तेव्हा मोरीत बसून निवट्या साफ करत होत्या. ऐकून घेतलं, हातातली निवटी पाण्यात बुडवली आणि विचारलं, "मंग चहा चांगला झालेला काय?"